स्वप्नातली आज्ञा आणि जागेपणीचे काम

संत एकनाथांच्या एका अभंगात त्यांना पडलेल्या स्वप्नाची हकीगत आहे. ज्ञानदेव स्वप्नात आले, तेजःपुंज रूपात समोर उभे राहिले आणि म्हणाले की अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. एकनाथ आळंदीला गेले आणि नदीच्या पात्रात त्यांना समाधीचे द्वार दिसले, असे अभंग सांगतो. या स्वप्नाशी परंपरा एक मोठे काम जोडते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षे हाताने नकलल्या गेलेल्या त्या ग्रंथात चुकीचे पाठ आणि पदरच्या ओव्या शिरल्या होत्या. त्या निवडून बाजूला काढणे हे डोळ्यांत तेल घालून करायचे काम होते. ते पुरे झाल्यावर एकनाथांनी पुढच्यांना बजावून ठेवले की या ग्रंथात आपली ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवणे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की मला त्यांच्यात एक नाते दिसते. अशुद्ध प्रतींच्या गर्दीत ज्या कवीचा मूळ आवाज दबून गेला आहे, त्याच्या गळ्याभोवती मुळी आवळली गेली आहे, असे ते चित्र आहे. ज्ञानेश्वरीची अवस्था पाहून ज्याच्या मनाला घोर लागला असेल, त्यालाच असे स्वप्न पडू शकते. हा अर्थ माझा आहे, अभंगात तो सांगितलेला नाही. पण स्वप्न, श्रद्धा आणि निर्मिती यांचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात करायला याहून चांगले उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

आपल्याकडे देवाने किंवा गुरूने स्वप्नात येऊन काही सांगितले तर त्याला दृष्टांत म्हणतात. गावोगावच्या देवळांच्या आख्यायिकांत असा दृष्टांत असतोच. काही लोक त्यावर पूर्ण विश्वास ठेवतात आणि काही जण तो मेंदूतल्या रसायनांचा खेळ म्हणून सोडून देतात. माझ्या मते दोन्ही बाजू प्रश्नाचा एकेक भागच पाहतात. स्वप्न बाहेरून कोणतीही खबर आणत नाही, याबद्दल विज्ञानाचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. तरीही काही माणसांच्या आयुष्यात एका स्वप्नाने फार मोठा बदल घडवला, हेही तितकेच खरे आहे. हे कसे घडते ते नीट उलगडून पाहायला हवे.

आधी झोपेची यंत्रणा पाहू. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये असे दाखवून दिले की झोपलेल्या माणसाचे डोळे बंद पापण्यांआड ठरावीक काळाने झपाझप हलू लागतात, आणि त्या वेळी त्याला उठवले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेला आता रेम झोप म्हणतात. प्रौढ माणसाच्या रात्रीत साधारण दीड दीड तासाची चार ते पाच आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस रेम झोप येते. एकूण झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा तिने व्यापलेला असतो, तर नवजात बाळाच्या झोपेत तिचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. फ्रान्समधील ल्याँ येथे मिशेल जूव्हे यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की या अवस्थेत मेंदू जवळपास जागेपणाइतका सक्रिय असतो, पण मेंदूच्या देठाकडून निघालेल्या आदेशाने शरीराचे स्नायू ढिले पाडलेले असतात. हा आदेश पोचवणारा भाग निकामी केला, तेव्हा झोपलेली मांजरे उठून शिकार करत असल्यासारखी हालचाल करू लागली. स्वप्नात पळायचे असते पण पाय उचलत नाहीत, हा अनुभव सांगणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, जरी त्या स्वप्नाचे तेवढेच कारण असेल असे नाही.

मेंदूच्या आत काय चालते, हे १९९० च्या दशकात प्रतिमातंत्राने दिसू लागले. रेम झोपेत भावनांशी, विशेषतः भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग आणि दृश्ये रचणारे भाग जोरात काम करतात. कपाळामागचा जो भाग एरवी हिशेब, तारतम्य आणि शंका सांभाळतो, तो मात्र मंदावलेला असतो. त्याच वेळी, सावधपणाशी आणि आठवणी पक्क्या होण्याशी संबंध असलेले नॉरअॅड्रेनालिन हे रसायन मेंदूत जवळपास स्रवतच नाही. स्वप्नांचे बरेचसे गुण या दोन गोष्टींतून कळतात. वारलेले आजोबा ऑफिसात येऊन बसतात आणि आपल्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही, कारण वावगे वाटून घेणारा विभाग मंद आहे. स्वप्नात भावना तीव्र असते आणि कथानक तिच्यामागे फरफटत जाते. जाग येताच सगळे निसटते, कारण ते नोंदवून ठेवण्याची व्यवस्था नीट चालू नव्हती. एवढे मात्र सांगितले पाहिजे की स्वप्ने केवळ रेम झोपेतच पडतात असे नाही. इतर झोपेतून उठवलेली माणसेही स्वप्ने सांगतात, फक्त ती बहुधा तुटक आणि विचारासारखी असतात.

पहाटेचे स्वप्न खरे ठरते, ही आपल्याकडची समजूत इथे तपासून पाहता येते. रात्रीच्या सुरुवातीला रेम झोप जेमतेम काही मिनिटांची असते आणि पहाटेकडे तिचा एकेक टप्पा अर्ध्या तासावर जातो. त्यामुळे सर्वांत लांब, रंगीत आणि गोष्टीसारखी स्वप्ने पहाटेच पडतात. शिवाय पहाटे त्या झोपेतूनच थेट जाग येत असल्याने ती लक्षातही राहतात. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत इंद्रियस्थान या भागातही हे निरीक्षण आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरातले स्वप्न अल्पफल असते आणि जे पाहिल्यावर माणूस पुन्हा झोपत नाही ते महाफल असते, असे तिथे म्हटले आहे. यातले निरीक्षण अचूक आहे. पहाटेच्या स्वप्नाचा ठसा खरोखरच खोल उमटतो. मात्र ठसा खोल उमटला म्हणून ते भविष्य सांगते असे होत नाही. जे ठसठशीत आठवते ते पुढे घडणाऱ्या एखाद्या गोष्टीशी जुळवून पाहायला आपल्याकडे शिल्लक राहते, इतकेच.

या जुळण्याचा एक साधा हिशेब करून पाहावा. समजा दहा हजारांतले एकच स्वप्न योगायोगाने पुढच्या घटनेशी मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या अकरा कोटींच्या वर होती. प्रत्येकाला रोज एक स्वप्न आठवले असे धरले, तर एकट्या महाराष्ट्रात रोज अकरा हजारांहून अधिक लोकांचे स्वप्न खरे ठरेल. त्यांतल्या प्रत्येकाला तो अनुभव अंगावर काटा आणणारा वाटेल आणि तो खोटेही बोलत नसेल. न जुळलेल्या स्वप्नांची गोष्ट मात्र कोणी कोणाला सांगत नाही.

मग स्वप्न येते कुठून? ज्या चरकसंहितेने पहाटेच्या स्वप्नाला महाफल म्हटले, तिनेच स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत आणि माझ्या दृष्टीने ही यादी त्या विषयावरच्या सर्वांत समंजस लेखनापैकी आहे. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले हे पहिले पाच प्रकार. सहावा भाविक, म्हणजे पुढे घडणारे सुचवणारा, आणि सातवा शरीरातील दोषांमुळे पडणारा. यातले पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत, असे ग्रंथ स्पष्ट सांगतो. म्हणजे आपली बहुतेक स्वप्ने शकुन म्हणून पाहूच नयेत, ती आपल्याच पाहण्या-ऐकण्याची आणि इच्छांची असतात, हे एका प्राचीन वैद्यकग्रंथाने मांडून ठेवले आहे. मनी वसे ते स्वप्नी दिसे ही म्हण त्याच अंगाने जाते.

आधुनिक प्रयोगांनी याला दुजोरा दिला आहे. हार्वर्डमधील रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना टेट्रिस हा वरून पडणारे तुकडे जुळवण्याचा खेळ खेळायला लावले. झोप लागता लागता अनेकांना तेच तुकडे पडताना दिसले. या प्रयोगात मेंदूला इजा झाल्यामुळे नव्या आठवणी टिकत नाहीत असे काही रुग्णही होते. आपण असा काही खेळ खेळलो हे त्यांना आठवतही नव्हते, तरी त्यांच्यातल्या काहींना पडणारे तुकडे दिसलेच. म्हणजे जे आपल्याला जागेपणी आठवत नाही, तेही स्वप्नाच्या सामग्रीत असू शकते. स्वप्नात अनोळखी वाटणारी गोष्ट बाहेरून आली असे आपल्याला वाटते, त्यामागे हे एक मोठे कारण असावे. जन्मांध व्यक्तींच्या स्वप्नांतही त्यांच्या जगण्यातलाच ऐवज असतो. त्यांची स्वप्ने मुख्यतः आवाज, स्पर्श, वास आणि हालचाल यांची बनलेली असतात.

सामग्री जुनीच असेल तर स्वप्नातून नवे काही निघते कसे, हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला ओट्टो लोवी यांच्या हकिगतीत सर्वांत स्वच्छ दिसते. लोवी हे ऑस्ट्रियातील ग्राझ येथे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. मज्जातंतू हृदयाला संदेश देतात तो केवळ विजेच्या रूपात की एखाद्या रसायनाच्या मार्फत, हा त्या काळातला वादाचा प्रश्न होता. त्यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे ईस्टरच्या आदल्या रात्री त्यांना झोपेत एक प्रयोग सुचला. ते उठले, दिवा लावला, कागदाच्या चिटोऱ्यावर काही खरडले आणि पुन्हा झोपले. सकाळी आपण काहीतरी फार महत्त्वाचे लिहिले एवढे त्यांना आठवत होते, पण स्वतःचे अक्षर काही केल्या लागेना. तो संपूर्ण दिवस त्यांनी त्या चिटोऱ्याकडे पाहत काढला. पुढच्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी त्यांनी लिहून ठेवण्याचा भरवसा धरला नाही. ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग दिसायला साधा होता. बेडकाची दोन हृदये वेगवेगळ्या भांड्यांतल्या क्षारद्रावणात धडधडत ठेवायची. पहिल्या हृदयाची व्हेगस नावाची नस उत्तेजित केली की त्याचे ठोके मंदावतात. त्या हृदयाभोवतीचे द्रावण घेऊन दुसऱ्या हृदयाला द्यायचे. दुसऱ्या हृदयाची नस कोणी छेडलेली नाही, तरी तेही मंदावले. अर्थात नसेतून काहीतरी रसायन द्रावणात उतरले होते. १९२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि १९३६ मध्ये लोवी यांना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. मज्जातंतू रसायनामार्फत काम करत असावेत, ही कल्पना लोवी यांच्या मनात १९०३ मध्येच येऊन गेली होती. ती तपासायची कशी हे न सुचल्यामुळे ती मागे पडली. पुढे वेगळ्याच कामासाठी त्यांनी बेडकाच्या हृदयाभोवतीचे द्रावण तपासण्याची पद्धत वापरली होती. म्हणजे प्रश्न सतरा वर्षे मनात पडून होता, साधन हाताशी आलेले होते आणि दोन्ही एकमेकांना ठाऊक नव्हते. स्वप्नाने त्यांची गाठ घालून दिली. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की दिवसा नीट विचार केला असता तर हा प्रयोग आपण केलाच नसता, असे लोवी यांनीच लिहून ठेवले आहे. नसेतून आलेले रसायन द्रावणात उतरून दुसऱ्या हृदयाला पुरेल इतके असेल, हे तर्काला पटण्यासारखे नव्हते. झोपेत शंका घेणारा विभाग मंद असतो ते आपण पाहिले. इथे त्या मंदपणाचा फायदा झाला. जे दोन विचार जागेपणी एकमेकांजवळ येऊ दिले नसते, ते झोपेत जवळ आले.

झोपेच्या या गुणाची मोजदादही झाली आहे. जर्मनीतील ल्यूबेक येथील संशोधकांनी २००४ मध्ये एक आकड्यांचे कोडे वापरून प्रयोग केला. ते कोडे ठरलेल्या पायऱ्यांनी सोडवता येत असे, पण त्यात एक छुपा नियम होता आणि तो लक्षात आला की उत्तर एकदम मिळे. दोन सत्रांच्या मधल्या वेळात झोपलेल्या लोकांपैकी तो नियम सापडणाऱ्यांचे प्रमाण जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. यात स्वप्न पडले की नाही हे मोजलेले नव्हते, तेव्हा श्रेय झोपेला द्यायचे, स्वप्नाला नाही. आणि आधी कोडे सोडवण्याचा सराव केला नसेल तर झोपेचा काही उपयोग होत नाही, हेही त्याच प्रयोगात दिसले.

रसायनशास्त्रज्ञ केकुले यांना शेकोटीपुढे डुलकी लागली असता स्वतःचे शेपूट तोंडात धरलेला साप दिसला आणि त्यावरून बेंझिनच्या रेणूची कड्यासारखी रचना सुचली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून सर्वांना माहीत आहे. त्यांनी ती १८९० मध्ये, म्हणजे मूळ संशोधनानंतर २५ वर्षांनी सांगितली आणि काही इतिहासकार तिच्याबद्दल शंका घेतात, म्हणून मी तिच्यावर फारसा भार टाकणार नाही. त्याच भाषणात केकुले यांनी श्रोत्यांना दिलेला सल्ला मात्र घेण्यासारखा आहे: स्वप्ने पाहायला शिकू या, पण जाग्या बुद्धीने तपासल्याशिवाय ती जाहीर करू नयेत.

बृहदारण्यक उपनिषदात स्वप्नाविषयी एक सुंदर वर्णन आहे. तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, आणि स्वप्न पाहणारा रथ, घोडे आणि रस्ते निर्माण करतो, कारण तो कर्ता आहे. जागेपणी आपण जगाला उत्तर देत असतो, झोपेत मात्र प्रत्येक माणूस जग रचत असतो. कविता लिहिणारा आणि कधीच न लिहिणारा, दोघेही रात्री हेच करतात. त्यामुळे निर्मितीक्षमता मूठभर लोकांनाच मिळालेली असते असे मला वाटत नाही. रचलेले सकाळी उचलून पुढे नेण्याची तयारी आणि मोकळीक मात्र सर्वांना सारखी मिळत नाही.

ही मोकळीक म्हणजेच श्रद्धेचे क्षेत्र. तुकाराम महाराजांच्या अभंगांत दोन स्वप्ने आहेत. पहिल्यात माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्य त्यांना भेटले, मस्तकावर हात ठेवला आणि रामकृष्णहरि हा मंत्र दिला. या अभंगात मध्येच एक तपशील येतो. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात आपल्याला त्याचा विसर पडला. म्हणूनच की काय ते घाईने निघून गेले, अशी रुखरुख तुकारामांना लागली आहे. गुरूपदेशासारख्या प्रसंगात पावशेर तुपाचा हा उल्लेख मला फार खरा वाटतो. मुद्दाम रचलेल्या कथेत कोणी असा तपशील घालणार नाही, आणि ज्याने दुकानात बसून मापाने जिन्नस दिला आहे त्याच्या स्वप्नातल्या गुरूने तूप मोजून मागावे, हेही त्याच्या जगण्याशी जुळणारे आहे. दुसऱ्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन येतात, तुकारामांना जागे करतात आणि कवित्व करण्याचे काम सांगतात. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, त्यातले उरलेले तुक्याने पुरे करावेत अशी ती आज्ञा आहे. इथेही भाषा मापाची आहे आणि विठ्ठल थापटून सावध करतो.

या आज्ञेचे वजन समजण्यासाठी तुकारामांची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. आपल्या आत्मचरित्रपर अभंगात ते स्वतःला शूद्र जातीचे म्हणवतात, दुष्काळात सगळे गेले आणि एक बायको अन्न अन्न करत मेली असे सांगतात. देवळाची डागडुजी केली, संतांची वचने आदराने पाठ केली आणि त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती झाली, हा क्रमही तिथेच आहे. म्हणजे सामग्री भरपूर भरलेली होती. कमी होता तो अधिकार. धर्माविषयी बोलण्याचा हक्क ज्यांच्याकडे होता त्यांच्यात तुकाराम नव्हते, आणि तो हक्क द्यायला त्यांच्यापैकी कोणी पुढे येणार नव्हते. स्वप्नातल्या नामदेवांनी आणि विठ्ठलाने तो दिला. पुढे रामेश्वरभटांनी आक्षेप घेतला, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या आणि तुकाराम तेरा दिवस निग्रहाने बसून राहिले, असे परंपरा सांगते. जगाने नाकारलेला अधिकार स्वप्नातल्या आज्ञेच्या बळावर धरून ठेवणे याचा अर्थ तिथे कळतो.

म्हणून मला असे वाटते की स्वप्न दोन वेगळी कामे करते आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक काम जुळणीचे, जे लोवींच्या बाबतीत घडले. दुसरे काम परवानगीचे. जे करावेसे आतून वाटते पण समाज, घर किंवा आपलीच भीती करू देत नाही, त्याला स्वप्नात कोणीतरी मोठे येऊन होकार देते. हा होकार आपल्याच मनातून आलेला असला तरी तो आपला वाटत नाही, आणि म्हणूनच त्याच्यात बळ असते. श्रद्धाळू समाजात हे बळ घरातल्या आणि गावातल्या इतरांनाही मान्य करावे लागते.

श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रात ही दोन्ही कामे आढळतात. नामक्कलची नामगिरी देवी स्वप्नात येऊन सूत्रे दाखवते असे ते म्हणत. पण त्याआधी कुंभकोणमला त्यांनी वर्षानुवर्षे पाटीवर गणिते मांडून, पुसून, वह्या भरल्या होत्या. केंब्रिजहून गणितज्ञ हार्डी यांचे बोलावणे आले तेव्हा समुद्रापार जाणे हे त्यांच्या सोवळ्याच्या घराला मान्य होण्यासारखे नव्हते. अशा वेळी त्यांच्या आईने एका सकाळी सांगितले की स्वप्नात मुलगा युरोपियन लोकांच्या मेळाव्यात बसलेला दिसला आणि मुलाच्या वाटेत उभी राहू नकोस अशी आज्ञा नामगिरीने केली. १९१४ मध्ये रामानुजन इंग्लंडला गेले. धर्माचे बंधन आणि मुलाचे भले यांच्यात अडकलेल्या त्या आईला बाहेर पडायला जो मार्ग हवा होता, तो तिच्याच श्रद्धेने दिला. बुद्धिवादाने तिची समजूत घातली असती असे मला वाटत नाही.

हेच बळ घातकही ठरते आणि ते लपवून चालणार नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेडा येथे एका साधूच्या स्वप्नावरून हजार टन सोने असल्याची वार्ता पसरली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन केले. सोने सापडले नाही. ती बाब खर्चावर आणि गर्दीवर निभावली. गुप्तधनाच्या नादाने माणसांचे बळी दिल्याच्या घटना घडलेल्या आहेत, आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये गुन्हा ठरवलेली आहेत ती याच कारणाने.

दृष्टांत ऐकल्यावर म्हणूनच मी दोन गोष्टी पाहतो. स्वप्न जगाविषयी काही सांगत असेल, म्हणजे सोने इथे आहे किंवा अमक्याने करणी केली असे, तर त्याला पुराव्याची तीच कसोटी लावायची जी इतर कोणत्याही विधानाला लावू. लोवींचे स्वप्नही दुसरे हृदय मंदावले म्हणून खरे ठरले, ते दोनदा पडले म्हणून नाही. आणि स्वप्न काही करायला सांगत असेल, तर त्याची किंमत कोण मोजणार ते विचारायचे. एकनाथांना पोथ्या ताडून पाहण्याचे कष्ट पडले, तुकारामांना वह्या गमवाव्या लागल्या, रामानुजनांच्या आईने मुलाला दूर जाऊ दिले. तिघांनीही स्वतःच्या पदरचे दिले. ज्या दृष्टांताची किंमत शेजारच्या बाईने किंवा कोणाच्या लेकराने मोजायची असते, तो ऐकणाऱ्यांनी तिथेच रोखला पाहिजे.

सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी आपले स्वप्न स्वतः अभंगांत लिहून ठेवले आहे. वेरूळजवळच्या देवगावी ब्राह्मण घरात जन्मलेल्या, लहानपणीच वयाने कितीतरी मोठ्या पुरुषाशी लग्न झालेल्या या मुलीने कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकारामांचे अभंग ऐकले. त्यांना न पाहताच ती त्यांचा ध्यास घेऊन बसली. तिच्या मागेमागे फिरणारे, तिला फार लळा लागलेले वासरू मेले, त्या दुःखात ती निपचित पडून राहिली आणि त्यानंतर तुकारामांनी स्वप्नात येऊन तिच्या मस्तकावर हात ठेवला, मंत्र दिला. चरकाच्या यादीतले ऐकलेले आणि इच्छिलेले हे दोन्ही प्रकार इथे एकत्र आहेत. ब्राह्मण स्त्रीला शूद्र गुरू करण्याची वाट त्या समाजात कुठेच नव्हती, आणि वेदशास्त्राचा अभिमान असलेला तिचा नवरा संतापला, त्याने तिला मारझोडही केली. ती मागे हटली नाही. पुढे नवऱ्याचेच मन पालटले आणि दोघे देहूला गेले. तिथे तिने तुकारामांना प्रत्यक्ष पाहिले, आणि स्वप्नात पाहिलेली मूर्ती तीच असल्याचे ती लिहिते. देहूतही सुख नव्हते. तुकारामांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीने या जोडप्याला छळले, त्यांची गाय नेऊन बांधून ठेवली आणि त्या गाईला मारहाण केली. ती देहूत टिकून राहिली, तुकारामांची कीर्तने ऐकत राहिली, आणि पुढे ब्राह्मण कोणाला म्हणावे या प्रश्नावरही तिने अभंग रचले.